उलट्या पावलांचा गृहस्थ

माणसाचा गुडघा कशानं गेला, यावर समाजात त्याची किंमत ठरते. गड चढताना गेला तर तो साहसी, क्रिकेट खेळताना गेला तर मनानं तरुण. माझा गुडघा कासार आंबोलीच्या शाळेत, सव्वीस जानेवारीला, ‘पाहुणे विरुद्ध शिक्षक’ अशा रस्सीखेचीत गेला. त्यातही शिक्षकांनी आम्हाला ओढून आडवं केलं असतं तर चारचौघांत सांगण्यासारखं काही झालं असतं. पण पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून मुख्याध्यापकांनी खूण केली आणि शिक्षकांनी एकदम दोर सोडून दिला. आम्ही पाहुणे जिंकलो आणि एकमेकांच्या अंगावर पडलो. सर्वांत खाली मी होतो. माझ्यावर बापूसाहेब होते. आमच्या बंगल्याची जमीन आम्ही ज्यांच्याकडून घेतली ते हे गावातले मोठे शेतकरी, आणि मोठे हा शब्द मी सगळ्या अर्थांनी वापरतोय. माझ्या गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. तो कुणाला ऐकू गेला नाही, कारण मुलं टाळ्या वाजवत होती.

पुण्याला नेऊन एमआरआय झाला. लिगामेंट फाटलंय असं निघालं. सर्जननं आधी फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग माझ्या पोटाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

“काका, तुम्हाला फुटबॉल वगैरे खेळायचाय का?”

“नाही.”

“मग ऑपरेशनची घाई कशाला? मांडीचे स्नायू बळकट करू, तेच गुडघा धरून ठेवतील. तीन महिने नेटानं व्यायाम करा. त्यानंतरही गुडघा सटकत राहिला तर टेबलावर घेऊ.”

दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. मी मात्र तोंड पाडून घरी आलो. बँकेत शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला, तुमच्या गुडघ्यावर सुरी चालवण्यात अर्थ नाही असं तोंडावर सांगितलं होतं. रफूवाल्यानं पँट हातात घेऊन, ही घरात घालायला चालेल म्हणावं, तसं मला वाटलं.

शिवाय ऑपरेशन नाही म्हटल्यावर आजाराला काही रूपच राहत नाही. बापूसाहेबांच्या पत्नी रत्नाबाई नारळ आणि बिस्किटांचा पुडा घेऊन मला बघायला आल्या.

“ऑपरेशन कवा हाय?”

“नाही करायचं. व्यायाम सांगितलाय.”

रत्नाबाईंनी माझ्या पायाकडे बघितलं, मग साधनाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे. “मग ह्यास्नी झालंय काय?” साधनानं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, नारळ ठेवला आणि बिस्किटांचा पुडा नातवंडांसाठी परत नेला.

शेजारच्या बंगल्यातले अण्णासाहेब हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि येईल त्याला ते पायजमा वर करून दोन्ही व्रण दाखवतात. “फाटलेलं कधी उठाबशा काढून शिवलं जातं का?” असं त्यांनी मला विचारलं. लिगामेंट शिवलं जाणार नाही, त्याचं काम स्नायू करतील, हे सर्जनचं वाक्य मी म्हणून दाखवलं. अण्णासाहेब म्हणाले, “आमच्या खात्यात असंच असायचं. एकाचं काम दुसऱ्यावर ढकलायचं.” आणि पायजमा खाली सोडला.

मेडिक्लेमला फोन केला, तर तिकडच्या बाईंनी अतिशय गोड आवाजात ॲडमिट कधी होताय ते विचारलं. ॲडमिट होणार नाही, मी व्यायाम करतोय, असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, “सर, व्यायाम हा आजारात बसत नाही.” मी म्हटलं, आजार आहे म्हणूनच व्यायाम आहे. त्यांनी मला बराच वेळ संगीत ऐकवलं आणि परत येऊन म्हणाल्या, “सर, एखादं छोटंसं ऑपरेशन करून घेता येत असेल तर बघा ना.” आवाजात खरी कळकळ होती. मी आभार मानून फोन ठेवला.

आमची मुलगी दिशा हिंजवडीत नोकरीला आणि मारुंजीत राहायला आहे. तिनं तिथलीच एक फिजिओथेरपिस्ट शोधली. मृण्मयी तिचं नाव, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं क्लिनिक. वयानं दिशापेक्षा लहान आणि बोलायला माझ्या जुन्या रीजनल मॅनेजरपेक्षा कडक. तिनं मला पहिल्या दिवशी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला सांगितली. बस्स, एवढंच. एकसष्ट वर्षांचा माणूस पलंगावर पडून टॉवेल दाबतोय आणि बायको मोबाइलवर सेकंद मोजतेय, हे दृश्य आमच्या घरात रोज सुरू झालं. मग पाय सरळ उचलणं, मग पाठीवर झोपून कंबर वर करणं, मग एका पायावर उभं राहून दात घासणं. दात घासताना मी दोनदा बेसिनला मिठी मारली. पण खोटं कशाला सांगू, गुडघा ऐकायला लागला होता.

फेब्रुवारी सरता सरता मृण्मयी म्हणाली, “काका, आता उलटं चालायचं.”

“म्हणजे?”

“मागे मागे. त्यानं मांडी छान तयार होते. रोज पाव तास. सपाट जागा बघा, आणि काकूंना बरोबर घ्या. एकट्यानं करायचं नाही.”

मी आमच्या गच्चीवर सुरुवात केली. चार पावलं मागे गेलो असेन, तोच पलीकडच्या गच्चीवरून अण्णासाहेबांनी तोंडानं मोटारीच्या रिव्हर्सची धून वाजवायला सुरुवात केली. मी थांबलो की ते थांबत, मी चाललो की पुन्हा सुरू. संध्याकाळपर्यंत बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर ‘शेखररावांना वाट द्या, गाडी मागे येत आहे’ असा मजकूर हार्दिक शुभेच्छांसह आला. मी ग्रुप सोडला. ग्रुप सोडल्याचं कळल्यावर तिघांनी घरी फोन करून तब्येतीची चौकशी केली.

त्या दिवशी मी ठरवलं की उलटं चालायचं तर कुणाच्या डोळ्यांसमोर नाही. आमच्या मागच्या फाटकातून एक पाणंद निघते. बापूसाहेबांच्या शेताच्या कडेनं ओढ्यापर्यंत जाणारी ती मातीची वाट, बैलगाडीपुरती रुंद आणि सपाट. उजाडायच्या आत तिथं चिटपाखरू नसतं. साधनाला मी कंपाउंडमध्येच चालतो म्हणून सांगितलं. थंडी होती म्हणून तिची पांढरी शाल अंगावर घेतली आणि डोक्याला दिशानं कुलू-मनालीहून आणलेली लाल माकडटोपी. टोपीचा रंग मला कधीच आवडला नव्हता, पण अंधारात रंगाला कोण विचारतो. आठवडाभर मी अनवाणी, मनासारखा चाललो. ओढ्याकडे पाठ, गावाकडे तोंड, तोंडानं आकडे मोजत. गुडघा एकदाही सटकला नाही. मृण्मयी खूश होती आणि माझी अब्रू शाबूत होती.

याच दिवसांत बापूसाहेबांनी भात काढलेल्या शेतात मेंढरं बसवली होती. मेंढरं बसवायची म्हणजे धनगराचा कळप रात्रीचा शेतात ठेवायचा. शेताला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य. डोंगरापलीकडचा बिरू आणि त्याची बायको सुंदरा दर वर्षी येतात. जाळी लावून मेंढरं आत, आणि शेजारी पालात ही दोघं. मी ते दिवसा पाहिलं होतं. पहाटे तिकडे बघायचं माझ्या मनात आलं नाही, कारण माझं सगळं लक्ष पायांकडे असायचं.

एका सकाळी दूध आणायला बापूसाहेबांकडे गेलो, तर ओट्यावर माणसं जमलेली. मधोमध सुंदरा बसली होती आणि तिच्यासमोर बापूसाहेबांचे चुलते कुशाबा. कुशाबा म्हणजे भैरवनाथाच्या देवळात दिवा लावणारे, अंगारा देणारे, गावात कुणाला बाहेरचं काही झालं तर ते काढणारे.

“मी भाकरीला चूल पेटवाया उठले,” सुंदरा सांगत होती. “धुकं हुतं. पाणंदीनं पांढरं कायतरी दिसलं. तोंड माज्याकडं. म्हनलं मानूस येतंय. तर जवळ यायचं सोडून लांब लांबच चाललंय. तोंड हिकडं, आन् जातंय तिकडं.”

“आन् पाय?” कुशाबांनी विचारलं.

“उलटं. उजाडल्यावर माग बघितला नव्हं आमी. बोटं समदी गावाकडं, आन् ते तर वढ्याकडं गेलं.”

माझ्यातला सुशिक्षित माणूस जागा झाला. “अहो सुंदराबाई,” मी म्हणालो, “आपण चंद्रावर यान पाठवलं. भूतबित काही नसतं. धुक्यात माणसाला भास होतो.” मी आणखीही बरंच बोलणार होतो.

“भास न्हाई सायेब. रोज बघतीया मी. बुटकं हाय. पोट लई मोठं. म्हातारं असनार, लई सावकाश चालतंय. आन् कायतरी पुटपुटतंय. डोस्कं लालभडक, रगतानं माखल्यावानी.”

माकडटोपी त्या वेळी माझ्या खिशात होती. मी खिशावर हात ठेवला. पहिलं मनात आलं ते असं, की मी बुटका नाही. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाला कुणी बुटका म्हणत नाही. दुसरं, नकळत मी पोट आत ओढून घेतलं. आणि तिसरं, जे खरं तर पहिलं यायला हवं होतं, ते म्हणजे आत्ता, या क्षणी, हसत हसत सांगून टाकावं. पण ओट्यावर अण्णासाहेबही दुधाची किटली घेऊन उभे होते. मला ती रिव्हर्सची धून ऐकू यायला लागली. मी दूध घेतलं आणि घरी आलो.

मी पाणंदीला जाणं बंद केलं. भूत आपोआप विरून जाईल अशी माझी अटकळ होती. पण भुताला प्रत्यक्ष हजर राहावं लागत नाही, हे मला कुठं ठाऊक होतं? मी पलंगावर घोरत असताना ते गावभर फिरलं. रत्नाबाईंना गोठ्यामागे दिसलं. एका बंगल्याचा रखवालदार खोलीला कुलूप लावून गावी निघून गेला. अण्णासाहेबांनी तर ते गच्चीवरून पाहिलं, आणि त्यांच्या पाहण्यात ते चांगलं नारळाच्या झाडाएवढं होतं. उंचीबद्दल मला जरा बरं वाटलं, नाकारत नाही.

मग कुणी तरी म्हणालं की मेंढरं आली त्याच आठवड्यात हे सुरू झालं. कुणी म्हणालं ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळेच म्हणत होते. डोंगरापलीकडून मेंढरांबरोबर ते आलंय, मेंढरं गेली की जाईल. बापूसाहेब पहिल्यांदा हसले. मग बंगलेवाले तक्रार घेऊन त्यांच्याकडे जायला लागले, आणि बापूसाहेबांचे अजून काही प्लॉट विकायचे राहिले होते. त्यांनी बिरूला जाळी उचलायला सांगितलं.

सुंदरा माझ्याकडे आली. फाटक उघडून आत येऊन पायरीखाली उभी राहिली.

“सायेब, तुमी शिकल्यालं. बापूसायेब तुमचं ऐकत्याल. मेंढ्या व्यायला आल्यात, आता डोंगर चढवला तर पोटातली जात्याल. येक महिना ऱ्हाऊ द्या म्हनावं.”

“पण भूत असं काही...”

“भूत हाय ते खरं हाय,” ती म्हणाली. “पन ते आमचं न्हाई. तुमच्या गावाचं हाय ते. आमास्नीच भ्या वाटतंया, आन् वर आमच्यावरच आळ.”

आणि तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला. त्याच पायांना. मी पाय मागे घेतले आणि बोलतो, बोलतो, असं काहीसं म्हणालो. आत आलो तेव्हा साधना विचारत होती, “काय म्हणत होती?” मी म्हटलं, मेंढरांचं काही तरी. त्या संध्याकाळी बाथरूमच्या उंबऱ्यावर गुडघा सटकला आणि मी दाराची कडी धरून उभा राहिलो. दोन आठवडे व्यायामाच्या नावानं मी फक्त टॉवेल दाबत होतो. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये मृण्मयीनं पाय हलवून बघितला आणि म्हणाली, “काका, उलटं चालणं बंद केलंत ना? असंच चालू राहिलं तर सर्जनकडेच जावं लागेल.” मी खाली टायरच्या दुकानाकडे बघत बसलो. खोटं बोलायचीसुद्धा लाज वाटायला लागली होती.

भुताचा सोक्षमोक्ष लावायला गावानं देवळात बैठक बोलावली होती, आणि मला बोलायचंय असं मी बापूसाहेबांना कळवलं होतं. संध्याकाळी पाचला सभामंडप भरला. एका खांबाशी बिरू आणि सुंदरा उभी होती, जरा बाजूला. बापूसाहेब म्हणाले, “शेखरराव काय बोलनार हायेत म्हनं. बोला.”

मी पिशवीत शाल आणि टोपी घालून नेली होती, पण ती बाहेर काढायची वेळ येऊ नये अशी मनोमन प्रार्थनाही करत होतो. म्हणून आधी भाषण केलं. विज्ञान, भीतीचं मानसशास्त्र, दृष्टिभ्रम, सगळं झालं. बोलता बोलता मी इतका रंगलो की आपल्याला आता कबुली द्यावी लागणार नाही असं मला वाटायला लागलं. संपल्यावर काही जणांनी टाळ्या वाजवल्या. मग बापूसाहेब म्हणाले, “भाषन झ्याक झालं. बिरू, उद्या जाळी उचल.”

सुंदरानं माझ्याकडे बघितलं, एवढंच. मला मान वर करवेना.

“थांबा,” मी म्हणालो. “ते भूत नाही. तो मी आहे. मीच उलटा चालतो. पहाटे, पाणंदीनं.”

मंडपातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. पुरावा म्हणून मी शाल काढून पांघरली, टोपी डोक्यात घातली आणि चालून दाखवायला एक पाऊल मागे टाकलं. तिथंच गुडघा सटकला. मी खांब धरला, माझं सगळं अंग थरथरलं आणि तोंडातून एक लांबलचक ‘आंऽऽ’ बाहेर पडला.

“हलू नगा कुनी,” कुशाबा उठत म्हणाले. “आलंय.”

“अहो कुशाबा, आलंय काय? माझा गुडघा...”

“गप. कोन हायेस तू?”

“मी शेखर.”

“त्येचं नाव नगं सांगूस. तुजं सांग.” त्यांनी माझ्या कपाळाला अंगारा फासला. थोडा नाकात गेला. “कुटला?”

“मूळचा कोथरूडचा,” मी शिंकत म्हणालो.

“पुन्याचं हाय,” मागून कुणी तरी म्हणालं, आणि त्यावर सगळ्या मंडपाचा उलगडा झाल्यासारखं झालं.

मी आशेनं अण्णासाहेबांकडे वळलो. “अण्णासाहेब, तुम्ही सांगा. तुम्ही मला गच्चीवर उलटं चालताना पाहिलंय.”

अण्णासाहेबांनी गंभीरपणे मान हलवली. “पाहिलंय ना. मला तेव्हाच शंका आली होती.”

“कुनाच्या सांगन्यावरनं फिरतुयास?” कुशाबांचा पुढचा प्रश्न.

“मृण्मयीच्या.”

बायकांमध्ये कुजबुज झाली. रत्नाबाईंनी पदर कानांवर ओढला. “बाईचं नाव घेतंय,” त्या म्हणाल्या.

“कुटं असती ती?”

“मारुंजीत. टायरच्या दुकानाच्या वर.” खरं सांगायला लागलं की माणूस किती हास्यास्पद होतो, याचा मला तिथं अनुभव येत होता. माझं प्रत्येक उत्तर खरं होतं आणि प्रत्येक उत्तरागणिक मी आणखी भूत होत होतो.

“काय पायजे तुला? नारळ? कोंबडं?”

“काही नको. मला रोज पाव तास उलटं चालू द्या. दिवस पुरे झाले की मी बरा होईन.”

“म्हंजी सोडशील?”

“सोडेन,” मी दमून म्हणालो.

आता बापूसाहेब पुढे आले. मघाशी माझ्या भाषणात मोबाइल बघत बसलेले बापूसाहेब. त्यांनी हात जोडले होते. आयुष्यात कुठल्याही शाखेत, कुठल्याही कर्जदारानं माझ्यापुढे असे हात जोडले नव्हते. “येक इचारू का? धनगराच्या मेंढरांसंगं आलास का तू?”

मी संतापून सगळ्यांना वेड्यात काढणार होतो. शाल फेकून घरी जाणार होतो. तेवढ्यात खांबाशी उभी असलेली सुंदरा दिसली. तिचे डोळे माझ्यावर होते, पण ती मला बघत नव्हती. ती त्याला बघत होती. श्वास रोखून त्याच्या उत्तराची वाट बघत होती.

पुढचं लिहायला मला लाज वाटते. मी मान खाली घातली आणि आवाज जाड काढला.

“नाही,” मी घुमलो. “मेंढरांचा संबंध नाही. मी इथलाच आहे. त्यांना हलवायचं नाही.”

“हलवलं तर?”

“तर मी जाणार नाही.”

भाषणाला काही जणांच्या टाळ्या मिळाल्या होत्या. याला अख्खा मंडप लवून उभा राहिला. बापूसाहेबांनी तिथंच बिरूला सांगितलं की मेंढ्या व्याल्याशिवाय जाळी हलवायची नाही. कुणी तरी साधनाला बोलावून आणलं होतं. ती धावत आत आली, तेव्हा मी तिची शाल पांघरून, कपाळभर अंगारा आणि गळ्यात लिंबांची माळ घालून बसलो होतो. कुशाबा तिला म्हणाले, “वहिनी, घाबरू नगा. मोप बोलला. शाना हाय.” साधनानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “ती शाल ड्रायक्लीनची आहे.” घरी गेल्यावर मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

त्यानंतर माझा मार्ग मोकळा झाला. पहाटे पाणंदीवर कुणी फिरकत नसे, कुत्री बांधून ठेवत, वाटेतले दगडसुद्धा कुणी तरी उचलले होते. साधना बरोबर यायची, कारण एकट्यानं चालायचं नाही हे मृण्मयीचं बोलणं आता तिच्या कानावर गेलं होतं. मी दिवसाढवळ्या दुकानात गेलो तर लोक जागा देत. लहान मुलं माझ्या पायांकडे बघत. अण्णासाहेबांनी रिव्हर्सची धून कायमची बंद केली. तीन महिने पुरे झाल्यावर सर्जननं गुडघा सगळीकडून ओढून, वळवून पाहिला. ऑपरेशनची गरज नाही म्हणाला. गावात त्याचं सगळं श्रेय कुशाबांना मिळालं आणि मारुंजीच्या टायरच्या दुकानापुढं कुणी तरी लिंबू टाकून आलं.

एप्रिलच्या शेवटी मेंढरं उठणार होती. आदल्या दिवशी सकाळी सुंदरा फाटकाशी आली. हातात फडक्यानं झाकलेलं पातेलं होतं. शेवटची मेंढी व्याली होती आणि तिच्या चिकाचा तिनं खरवस केला होता. साधना आणि मी दोघंही बाहेर गेलो.

मला राहवलं नाही. गावाचा विश्वास बसो न बसो, हिच्यापुढे तरी खोटं राहू नये असं वाटत होतं. मी म्हणालो, “सुंदराबाई, भूत नव्हतं. डॉक्टरांनी मला उलटं चालायला सांगितलं होतं, गुडघ्यासाठी. तुम्ही पाहिलंत तो मीच. देवळातही मीच बोललो, मुद्दाम आवाज काढून.”

ती ऐकत राहिली. मला वाटलं हीही मला अंगारा लावणार. पण ती माझ्या पायांकडे बघत होती आणि तिला सगळं समजत होतं.

“म्हंजी मी त्या दिशी हितं तुमच्या पाया पडले,” ती सावकाश म्हणाली, “तवा तुमास्नी ठावं हुतं?”

“हो.”

“आन् बापूसायेबाच्या वट्यावर मी सांगत हुते, तवा बी?”

“हो. तेव्हा कळलं.”

“मग तुमी बोलला का न्हाई?”

लोक हसतील म्हणून, हे उत्तर माझ्याजवळ होतं. ते तिच्यापुढे उच्चारता येईना. साधनाही माझ्याकडे बघत होती आणि तीही उत्तराची वाट बघत होती. मी फाटकाची कडी उगाच लावली आणि उघडली.

सुंदरानं मान हलवली. “न्हाई सायेब,” ती म्हणाली. “देवळात बोलला त्यो तुमी न्हाई. त्यो येगळा हुता. त्यो आमच्यासाटी बोलला.”

तिनं पातेलं साधनाच्या हातात दिलं. “ह्यो खरवस त्येचा हाय,” ती म्हणाली. “त्येलाच द्या.”

आणि ती शेताकडे निघून गेली. दुपारी जेवताना साधनानं एक वडी माझ्या ताटात वाढली. मी ती उचलून परत पातेल्यात ठेवली. ती माझी नव्हती.